घरपोच झोप-तपासणी पॅकेज: टॉवरवाल्यांनी घ्यावं, पण असं

इंदुरात आता झोप तपासायला दवाखान्यात जाऊन झोपावं लागत नाही. फोन केला की संध्याकाळी एक मुलगा मुठीएवढी पेटी घेऊन घरी येतो, छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला क्लिप कशी लावायची ते दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन जातो. दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ. याच पेटीला रक्ततपासणी, बीपी, फोनवर डॉक्टरांचा सल्ला आणि एक 'बर्नआउट स्कोअर', म्हणजे कामाने माणूस किती पिळून निघालाय त्याचा आकडा, जोडून हे सगळं पाळीत काम करणाऱ्यांसाठी म्हणून विकलं जातं. नाव कुणाचंच घेत नाही. पेट्या आणि फॉर्म थोड्याफार फरकाने सारखेच असतात. प्रश्न एवढाच, की देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या टॉवरमध्ये किंवा अप्रोचला (येणारी-जाणारी विमानं सांभाळणाऱ्या कक्षात) बसणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरने यावर पैसे घालावेत का.

घालावेत. पण देतात तसं घेऊ नये. हे पॅकेज रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाच्या मापाने शिवलंय. कंट्रोलरने तेच मुकाट्याने अंगावर चढवलं तर रिपोर्टवर 'सौम्य' छापून येण्याचीच भीती जास्त, आणि थकवा होता तिथेच राहतो.

आधी पेटीबद्दल. तांत्रिक भाषेत ही लेव्हल थ्री चाचणी. नाकातल्या नळीतून श्वासाचा प्रवाह, पट्ट्यातून छातीची हालचाल, क्लिपमधून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी, एवढं ती नोंदते. माणूस उताणा आहे की कुशीवर, हेही बऱ्याच पेट्यांना कळतं. शोधायचा असतो स्लीप ॲप्निया: झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त अंग जड असतं. तासाला असे ५ पेक्षा कमी प्रसंग म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

या पेटीत डोक्याला एकही तार नाही. त्यामुळे माणूस झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय, हे तिला कळत नाही. दवाखान्यातल्या तपासणीत प्रसंगांना झोपेच्या तासांनी भागतात; घरच्या पेटीत नोंदीच्या तासांनी. रात्री सात तासांपैकी साडेसहा तास झोपणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. रात्रपाळी करून सकाळी साडेनऊला आडवा झालेल्या माणसाचं बघा. नोंद सात तासांची, प्रत्यक्ष झोप चार तास, श्वास अडल्याचे प्रसंग ६०. रिपोर्ट म्हणतो ६० भागिले ७, म्हणजे ८.६, 'सौम्य, वजन कमी करा'. खरा आकडा ६० भागिले ४, म्हणजे १५. मध्यम. उपचाराची भाषाच बदलते. जागेपणाचे तीन तास पाण्यासारखे मिसळून दूध पातळ झालं, इतकंच.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. उशाशी कागद ठेवा. आडवं कधी झालात, झोप लागली असं साधारण कधी वाटलं, कधी जाग आली, किती वेळ टक्क जागे होतात, ते लिहा. पेटीवर खुणेचं बटण असेल तर प्रत्येक जागेला दाबा. पेटी परत देताना तो कागद सोबत द्या आणि स्पष्ट सांगा, की जागेपणाचे पट्टे कापून गणित हाताने करून हवंय, नुसतं मशिनचं नको. बुकिंग करताना विचारण्यासारखा हाच खरा प्रश्न: रिपोर्ट तंत्रज्ञ तपासतो की सॉफ्टवेअर छापतं? गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा. उथळ श्वासाचा प्रसंग धरायला ऑक्सिजन ३ टक्के पडावा लागतो की ४, हेही विचारून घ्या. त्यावर आकडा बराच हलतो आणि दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले की घोळ होतो.

लावण्यात चुका होतात त्या अगदी घरगुती. नळीची दोन्ही टोकं नाकपुड्यांत नीट हवीत, कानामागून घेऊन गालावर चिकटपट्टी. दाढी असेल तर पट्टी धरत नाही, तेवढी जागा सफाचट करावी लागते. सर्दीत नाक चोंदलेलं असताना तपासणी करूच नये. माणूस तोंडाने श्वास घेतो आणि आलेखावर सरळ रेघ उमटते, जणू श्वासच नाही. पट्टा बनियनवरून, दोन बोटं आत जातील इतका. क्लिप कामाच्या हाताला नको. गडद नेलपेंट आणि काळी मेंदी काढून टाका. एसीत बोटं गार पडली तरी नोंद तुटते. आणि काही पेट्या रात्री ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हायला लावलेल्या असतात. दिवसा झोपणार असाल तर सुरुवात हाताने कशी करायची, हे त्या मुलाकडून समोर करवून घ्या. नाहीतर सकाळभर सगळं बांधून झोपाल आणि पेटी मात्र रात्री दहाची वाट बघत बसेल.

मे महिन्यातली दुपारची झोप ही वेगळीच भानगड. नाकाशी थर्मिस्टर असेल तर तो आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक मोजतो. खोलीच ३५-३६ अंशांवर असली तर फरक उरतच नाही आणि नोंद फिकी पडते. दाबावर चालणाऱ्या नळीला ही अडचण नाही, तीच मागा. कूलरचा झोत थेट तोंडावर नको. आवाज चालेल, उलट कूलरची घरघर बाहेरच्या गोंगाटावर बरी चादर घालते. इंदुरात ती लागतेच. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, पण कचरागाडी गाणं वाजवत सकाळीच गल्लीत शिरते, नेमकी रात्रपाळीवाल्याची पहिली गाढ झोप लागत असताना. ती वेळही कागदावर लिहा. नाडी अचानक का उसळली याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

मग नोंद कोणत्या झोपेची करावी? अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत किमान ४ तासांची नीट नोंद मागितली आहे, आणि तीही माणसाच्या नेहमीच्या झोपेच्या वेळेतली. फिरत्या रोस्टरवाल्याला नेहमीची वेळच नसते, हीच तर गोम. आमचं मत असं: ॲप्निया शोधायचा असेल तर सुट्टीची दुसरी रात्र घ्या. पहिली नको, त्या रात्री शरीर मागची उधारी फेडत असतं. त्या संध्याकाळी दारू नको, घसा सैल पडून आकडा फुगतो. परवडलं तर दुसरी नोंद रात्रपाळीनंतरच्या दिवसाच्या झोपेची. दुसऱ्या नोंदीचे पूर्ण पैसे लावतात की फक्त पेटीचं भाडं, ते आधी ठरवा. एकच नोंद घेतली आणि ती निगेटिव्ह आली, पण घोरणं, उठल्यावर डोकेदुखी, दिवसा डुलक्या चालूच असतील, तर तीच मार्गदर्शिका सांगते की दवाखान्यातली पूर्ण तपासणी करा. घरच्या पेटीचं 'नाही' हे कधीच शेवटचं 'नाही' नसतं.

खरं तर ॲप्निया हा कंट्रोलरच्या प्रश्नाचा अर्धाच भाग. त्याला विचारायचं असतं की ऑफला दोन दिवस लोळूनही मरगळ का जात नाही. याचं उत्तर एका रात्रीच्या पेटीत नाही. ते आहे मनगटावर बांधून हालचालीवरून झोप-जाग नोंदणाऱ्या ॲक्टिग्राफमध्ये आणि १४ दिवसांच्या झोपवहीत. पाळीमुळे होणाऱ्या झोपविकाराचं निदान करायचं तर तक्रार किमान ३ महिन्यांची आणि नोंद किमान १४ दिवसांची हवी, असा झोपविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा निकष आहे. पॅकेजात सगळ्यात स्वस्तात घालता येईल अशी हीच गोष्ट, आणि नेमकी हीच गळलेली असते. साधं स्मार्टवॉच चालेल का? एकूण तासांचा अंदाज येतो, पण ते निपचित पडण्यालाही झोप समजतं आणि दिवसाची झोप कधी डुलकी म्हणून टाकतं, कधी गाळूनच टाकतं. सोबत हाताने लिहिलेली वही असेल तरच त्याला अर्थ.

झोपवहीत पाळ्यांमधलं अंतर लिहायला विसरू नका. पॅकेजच्या फॉर्मवर 'आठवड्याला किती तास काम करता' एवढंच विचारतात. कंट्रोलरच्या बाबतीत तासांपेक्षा घात करते ती दोन ड्युट्यांमधली फट. २००६ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेलं आणि ४९ जण गेले. चूक वैमानिकांची ठरली. पण टॉवरमध्ये एकटा असलेला कंट्रोलर दोन ड्युट्यांच्या मधे जेमतेम दोन तास झोपलेला होता. २०११ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर दोन विमानं टॉवरशी न बोलताच उतरली, कारण एकटा कंट्रोलर झोपी गेला होता. त्यानंतर तिथे दोन ड्युट्यांमधलं किमान अंतर ८ तासांवरून ९ झालं, आणि २०२४ मध्ये १० तास, मध्यरात्रीच्या पाळीआधी १२. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयकाव या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अनेक्स ११ मधल्या (हवाई वाहतूक सेवांचे नियम) कंट्रोलरच्या थकव्याबाबतच्या तरतुदी ५ नोव्हेंबर २०२० पासून लागू आहेत. आपल्याकडे त्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, ड्युटीच्या तासांवरची मर्यादा (वॉच ड्युटी टाइम लिमिटेशन) आहे. कागदावरचं अंतर आणि प्रत्यक्ष झोप यांत घरी जाणं, जेवण, मुलांची शाळा, दारावरची बेल हे सगळं बसवायचं असतं. १० तासांच्या सुट्टीत ६ तास झोप मिळाली तर नशीब समजायचं.

आणि ६ तास 'चालून जातात' हा भ्रम. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना १४ दिवस रोज जास्तीत जास्त ६ तास झोपू दिलं. शेवटी त्यांची सावधानता सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि आपण किती घसरलोय हे त्यांना धड जाणवलंही नव्हतं. म्हणून पॅकेजातल्या, दिवसा किती झोप येते ते मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीवर फार विसंबू नये. टीव्ही बघताना, गाडीत बसून, जेवणानंतर डुलकी लागते का, असे ८ प्रसंग, २४ गुण, १० च्या वर गेलं की काळजी. पहाटे तीन ते पाचच्या मधे एखाददुसरंच विमान बोलत असताना काय होतं, ते त्यात कुणी विचारत नाही. डोळे उघडे असतात. वैमानिकाला लेव्हल १८० ही उंची दिलेली असते, तो रीडबॅकमध्ये, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवताना, १६० म्हणतो, आणि कान १८० च ऐकून पुढे जातो. गर्दीच्या वेळी माणूस ताठ असतो. ही चूक रिकाम्या आकाशात होते. हे पकडायचं तर प्रतिसादाच्या वेगाची दहा मिनिटांची पीव्हीटी चाचणी हवी: पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं, अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की चूक मोजायची. ती मोबाइलवरही करता येते. पॅकेजवाल्यांनी ती घातली तर आम्ही एक तारा जास्त देऊ.

रक्ततपासणीचा भाग बरा आहे, वेळ चुकीची आहे. 'सकाळी उपाशीपोटी' या सूचनेचा अर्थ लॅबवाला रात्री झोपून उठलेल्या माणसासाठी लावतो. ड्युटी सुटल्यावर घरी जाता जाता रक्त दिलं तर रात्री दोनचा चहा, बिस्किटं, चारचा चिवडा, सगळं साखरेत आणि ट्रायग्लिसराइडमध्ये उतरतं. थायरॉइडचा टीएसएच रात्री वर चढतो आणि झोपेने खाली दाबला जातो. जागरणानंतर तो चढलेलाच राहतो, आणि सीमेवरच्या माणसाला उगाच गोळी सुरू होते. रक्त सुट्टीच्या दुसऱ्या सकाळी द्या, किमान दहा तास उपाशी. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीला उपास लागत नाही, ती कधीही चालेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच, बी१२ या चार तपासण्या थकव्यासाठी खरोखर कामाच्या. शाकाहारी घरांत बी१२ हमखास बघावं. ते कमी असलं की थकवा, विसराळूपणा, चिडचिड, सगळं हुबेहूब बर्नआउटसारखं दिसतं. सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाचं, सकाळी चढणारं संप्रेरक) मात्र पॅकेजमधून काढायला सांगा. ज्याची 'सकाळ' दर तिसऱ्या दिवशी बदलते त्याच्या सकाळच्या कॉर्टिसॉलवरून काय ठरवणार?

बीपी एकदाच, तेही घरी, निवांत बसवून घेतात. याचा उपयोग कमी. १९७८ मध्ये बोस्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला ४१६ कंट्रोलरांचा अभ्यास या धंद्यातला जुना आणि अजून उल्लेखला जाणारा दस्तऐवज आहे. त्यात रक्तदाब प्रत्यक्ष कामावर मोजला होता, आणि कामाच्या भारासोबत ज्यांचा दाब जास्त उसळायचा त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब जास्त दिसला. म्हणजे मोजायचा तो ड्युटीच्या दिवशीचा. २४ तास दंडावर बांधायचा बीपीचा पट्टा सुचवतील तर घ्या, मात्र रात्रीच्या ड्युटीच्या दिवशी लावताना झोपेची खरी वेळ सॉफ्टवेअरमध्ये भरायला सांगा. नाहीतर जागेपणीचे आकडे 'रात्रीची झोप' म्हणून मोजले जातात. पोझिशनवर, म्हणजे प्रत्यक्ष विमानं सांभाळताना, पट्टा फुगणं लक्ष विचलित करू शकतं, म्हणून सुपरवायझरशी आधी बोलून ठेवा. नाहीच जमलं तर घरच्या मशिनवर ड्युटीआधी आणि नंतर दोन-दोन आकडे, दोन आठवडे. पुरेसं आहे.

बर्नआउट स्कोअर हा पॅकेजचा सगळ्यात कच्चा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउट क्यूडी८५ या क्रमांकाखाली येतो, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा: शक्ती निथळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. स्कोअरचे प्रश्न बहुतेक ग्राहक-रुग्ण हाताळणाऱ्यांसाठी लिहिलेले. कंट्रोलरकडे ग्राहक समोर येत नाही, त्यामुळे तुसडेपणाचा रकाना रिकामाच राहतो. तो टॉवरमध्ये वेगळ्या रूपात दिसतो: प्रत्येकाला आधी 'स्टँडबाय' (थांबा) फेकणं, पुढच्या कंट्रोलरला काम सोपवणं (हँडओव्हर) दोन वाक्यांत गुंडाळणं, आरटीवर (रेडिओवर) आवाज चढणं, प्रशिक्षणार्थीला शेजारी बसवायला नको वाटणं. तेव्हा स्कोअर कमी आला म्हणून खूश होऊ नका, जास्त आला म्हणून घाबरूही नका. त्याआधी झोप आणि रक्त निस्तरा. सुट्टी मिळूनही मन वर येत नसेल, तर तो डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचा विषय आहे, पीडीएफचा नव्हे.

आता सावध राहायची जागा. फोनवरचा सल्ला दहा मिनिटांचा, आणि 'झोप येत नाही' म्हटलं की अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम लिहून मिळण्याची शक्यता असते. ही दोन्ही बेंझोडायझेपिन, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्यांच्या गटातली. डीजीसीएची मादक द्रव्यांची तपासणी ३१ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली, तीत कंट्रोलरही येतात आणि यादीत बेंझोडायझेपिन आहे. शिवाय ॲप्निया असलेल्याला ही गोळी घसा आणखी सैल करते. सुरुवातीलाच 'मी एटीसीओ (एअर ट्रॅफिक कंट्रोल ऑफिसर) आहे' हे डॉक्टरांना सांगा आणि कुठलंही औषध घेण्याआधी आपल्या वैद्यकीय परीक्षकाला विचारा. लायसन्स जाईल म्हणून तपासणीच टाळणारेही आहेत. ॲप्निया सापडून त्यावर उपचार चालू असणं, हे तो न सापडता पोझिशनवर बसण्यापेक्षा केव्हाही सोपं प्रकरण आहे.

झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशिन लागलंच, तर एक बारीक गोष्ट विक्रेता सांगत नाही. बऱ्याच मशिनची तारीख मध्यरात्री नाही, दुपारी १२ ला बदलते, कारण लोक रात्री झोपतात हे गृहीत. तुम्ही सकाळी ९ ते दुपारी २ झोपलात तर रिपोर्टवर आधीच्या तारखेला ३ तास आणि पुढच्या तारखेला २ तास पडतात. वापर नीट आहे की नाही हे रोज ४ तास, ७० टक्के दिवस, या मापाने बघायची पद्धत आहे. म्हणजे पाच तास इमानदारीने मास्क लावूनही कागदावर तुम्ही नापास. तपशीलवार रिपोर्ट काढून सलग सत्रं दाखवा. आणि मास्क दिवसाच्या झोपेतही लावायचा, 'थोडाच पडतोय' म्हणून बाजूला ठेवायचा नाही.

गुण द्यायचे तर पेटीला पाचपैकी चार, रक्ततपासणीला वेळ पाळली तर साडेतीन, बर्नआउट स्कोअरला एक. पेटी परत न्यायला येणारा मुलगा साधारण सकाळी अकराला बेल वाजवतो. दिवसाची झोप नोंदवत असाल, तर संध्याकाळी पाचनंतर या, असं बुकिंगलाच लिहून घ्या.